स्टँडवरचा टक्

बाबांचा उजवा हात आजारपणानंतर रुसला तो रुसलाच, आणि बँडने त्यांच्या जागी एका दाढीवाल्याला बसवलं. दाढीवाला गुणी होता, पण कागद बघून वाजवणारा. बाबांनी जन्मात कधी कागदाकडे बघून ड्रम वाजवले नव्हते. मग काम आलं लेकीकडे. तिचा धंदाच तो, लोकांचं संगीत कॉम्प्युटरवर नोटेशनमध्ये उतरवून द्यायचं.

जुनी रेकॉर्डिंग ऐकून तिने बाबांचा ठोका न् ठोका पाच रेघांवर बसवला. मोठा ड्रम खाली, छोटा वर, झांजांना फुल्या. प्रत्येक कडव्याआधी एक बारीक 'टक्' ऐकू यायचा. काडी चुकून कुठेतरी लागली असणार, असं म्हणत तिने तो सगळीकडून गाळून टाकला. साफसफाईची हौस दांडगी, दुसरं काय.

त्याच बँडमध्ये आई गायची. पहिल्या तालमीहून ती घरी आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "गाताना मी कडव्यावर उशिरा आले. प्रत्येक कडव्यावर. बास झालं आता, लोकांनी हसायच्या आत थांबलेलं बरं." आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुवायला लागली. लेकीच्या मनात आलं, आई गायची थांबली तर या घरात उरणार काय?

बाबा खुर्ची ओढत लेकीच्या टेबलाशी आले.

"त्यात माझा टक् कुठाय?"

"तो मुद्दाम होता? मला वाटलं, चुकून."

"दर कार्यक्रमात चुकून?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज उतरवला. "तुझी आई पहिल्यापासून कडव्यावर अडखळते. मी झांजेच्या स्टँडवर काडी टेकवतो, मग ती येते. तिला पत्ता नाही, आणि लागूही देऊ नकोस. मनाला लावून घेईल."

लेकीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने कॉम्प्युटरवर ड्रमच्या खुणा बदलायची खिडकी उघडली. यादीत शिट्टीपासून घंटेपर्यंत सगळं होतं, स्टँड तेवढा नव्हता. मग तिने नवीन वाद्यच तयार केलं. पाच रेघांच्या वर त्याला जागा दिली.

"आकार कसला देऊ?"

"फुली नको. झांज समजून बडवेल तो." बाबांनी विचार केला. "भुवई दे. टक् करताना माझी वर जाते."

तिने इवलीशी भुवई काढली. आवाजासाठी बाबांनी डाव्या हाताने टेबलावरच्या दिव्याच्या दांडीवर काडी टेकवली आणि तिने ते रेकॉर्ड केलं. नावाच्या चौकटीत काय लिहायचं?

"'चल' लिही," बाबा म्हणाले.

आईला कसंबसं पटवून पुन्हा तालमीला नेलं. बाबाही आले आणि भिंतीपाशी बसले. कडवं जवळ आलं. दाढीवाल्याने भुवई बघून अगदी जागच्या जागी टक् केला. आई आलीच नाही. वाद्यं एकेक करून थांबली, बाबांचा चेहरा पडला.

आई वळली ती थेट बाबांकडे. "हा तुमचा नाही. तुम्ही जरा आधी वाजवता, मग वाट बघता."

"तुला ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं कान काय घरी ठेवून येत होते? पहिल्या कार्यक्रमात घाबरले होते, तेवढंच. पुढे तुम्ही बोलावल्यावरच यायचं, हे मला आवडायला लागलं." तिने माइक खाली घेतला. "आता तुम्ही बोलावणार नाही म्हटल्यावर गावंसंच वाटेना. ते सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं उशीर होतो."

दाढीवाला उगाच स्क्रू आवळत बसला.

लेकीने तिथेच लॅपटॉप उघडला. दाढीवाल्याच्या कागदावरच्या सगळ्या भुवया उचलून बाबांच्या नावाने वेगळं पान केलं आणि तालमीच्या जागेच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर छापून आणलं. पानभर विश्रामाच्या खुणा, मधूनच एक भुवई.

"एवढ्यासाठी अख्खा कागद?" बाबा कुरकुरले. त्यांना वाचता येणारी ती एकुलती एक खूण होती.

दाढीवाल्याने झांजेचा स्टँड उचलून त्यांच्या खुर्चीशी आणून ठेवला. गाणं परत सुरू झालं. बाबांनी डाव्या हातात काडी धरली, कडव्याच्या जरा आधी टेकवली, आणि आई आली.