झोपेची वही

ओळखीच्या पाळणाघराची तपासणी करायची नाही, हा तपासनीसबाईंच्या खात्यातला साधा नियम. तरी माईंच्या पाळणाघराची पाळी आली, तेव्हा बाईंनी यादीत सहकाऱ्याचं नाव खोडून स्वतःचं घातलं. तो माणूस कागदावर बोट ठेवणारा. माईंना उगाच त्रास नको, एवढाच हेतू. बाईंचा मुलगा तीन वर्षं माईंच्या हाताखाली वाढला होता.

"आई म्हणून आलीस की फूटपट्टी घेऊन?" माईंनी दारातच विचारलं.

"दोन्ही."

"मग फूटपट्टी आधी उरक. आणि तो रडका काय म्हणतो? दाढी करतो म्हणे आता!"

"करतो. पण झोपतो अजून तुम्ही लावलेल्या सवयीनेच, गालाखाली हात घेऊन."

सगळं ठीक होतं. औषधं कुलपात होती, खिडक्यांना जाळ्या होत्या. मदतनीस बाहेरच्या खोलीत मोठ्या मुलांना भरवत होती. आतल्या अर्धवट अंधारात सहा तान्ही झोपली होती. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा श्वास बघायचा आणि दाराशी टांगलेल्या वहीत खूण करायची, असा नियम. बाईंनी वही उघडली. दुपारचा दीड वाजून गेला होता आणि वहीत चारपर्यंतच्या खुणा भरलेल्या होत्या.

बाईंनी वही माईंपुढे धरली. "माई, हे काय?"

माई वरमल्या. "सकाळीच भरून टाकते गं. दुपारी हात कुठे मोकळे असतात?"

तेवढ्यात घड्याळाने पावणेदोनचा ठोका दिला. माई लगबगीने उठल्या. पहिल्या बाळापाशी वाकून त्याच्या नाकापुढे त्यांनी तळहात धरला. क्षणभर थांबल्या, मग दुसऱ्यापाशी गेल्या. बघितलं मात्र एकाकडेही नाही. दोन गाद्यांमधून जाताना त्या पायाने जमीन चाचपत होत्या. पाचव्या गादीवर, बाळाच्या मुठीजवळ, बोराएवढा लाकडी मणी पडला होता. माईंचा हात त्याच्या शेजारून पुढे गेला.

बाईंनी मणी उचलला. "तुम्हाला दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"खिडकीपाशी दिसतं की. म्हणून तर सकाळी भरते." माईंनी आवाज आणखी खाली आणला. "हे बघ, खोट्या खुणा केल्या असं लिही. त्याला पहिल्या वेळी नुसती ताकीद मिळते, मला ठाऊक आहे. डोळ्यांचं तेवढं लिहू नकोस. पाळणाघर बंद झालं तर दिवसभर मी करू काय? एकाही पोराचा श्वास मी चुकवलेला नाही, पोरी. तुझ्याचाही नाही."

ते खरंच होतं. म्हणूनच बाईंना भरून आलं. सहकारी आला असता तर वही बघून, ताकीद लिहून निघून गेला असता. माईंच्या हाताकडे बघत उभा राहिला नसता.

बाईंनी मणी माईंच्या तळहातावर ठेवला. "पाचव्या गादीवर होता."

माईंनी तो बोटांत फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिल्या.

"लिही," त्या म्हणाल्या.

बाईंनी लिहिलं.

"आता वाचून दाखव. सही करायची, तर ऐकायला तरी हवं."

बाईंना काहीही वाचता आलं असतं. त्यांनी लिहिलं होतं तेच वाचलं: संचालिकेची दृष्टी अत्यंत क्षीण, परवाना उद्यापासून स्थगित. मग माईंचं बोट धरून त्यांनी सहीच्या जागेवर टेकवलं. सही रेघ सोडून पार खाली घसरली.

दोनचे ठोके पडले. माई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"चारला पोरांच्या आया न्यायला येतील. तोवर तू डोळ्यांनी बघ, मी हाताने बघते."

त्या पुढे आणि बाई मागे, अशा दोघी पहिल्या गादीपाशी वाकल्या. वहीत खूण करायला जागाच नव्हती. चारपर्यंतच्या सगळ्या आधीच भरलेल्या होत्या.