रडक्या झाडाखालचा पाहुणा

"आज काही बिनसलं, तर उद्या हे रडकं झाड चुलीत!" माव्हुंगाने बायकोला बजावलं.

"मुपांडा चुलीत घातला की घरात भांडणं लागतात," सारुझाई म्हणाली.

"बाहेर उभा आहे तरी कुठे कमी आहेत?"

हे खरंच होतं. अख्ख्या चिरेझी गावात लोकांच्या अंगणात शोभेचा जॅकारंडा, आणि हिने रुंदे नदीच्या काठावरचं मुपांडाचं रानझाड उपटून आणून दारात लावलेलं. ऐन उन्हाळ्यात जांभळ्या घोसांनी असं लगडायचं की तिला जेवण सुचत नसे. खोड एकच, आणि सारुझाई ती मनातल्या मनातही कबूल करत नसे. त्याच दिवसांत फांद्यांवर किडे फेस काढत आणि झाड खाली टपटप गळत राही. माव्हुंगाचा रविवारचा कोट त्यात दोनदा भिजला होता.

आज थोरल्या लेकीला, चेनेसाईला, मागणी घालायला मुलाकडचा मध्यस्थ येणार होता. पत्र्याच्या घराची भट्टी झालेली, तेव्हा चटई सावलीत, म्हणजे झाडाखालीच पडली. माव्हुंगा स्वतः मात्र ओसरीवर स्टूल टाकून बसला.

मध्यस्थ गारिकाई आला, टाळ्या वाजवून वंदन केलं, टोपी काढून चटईवर टेकला. पहिला थेंब टकलावर, दुसरा नाकावर. सारुझाई मनात म्हणाली, आता उठला की सोयरीकही गेली आणि झाडही!

गारिकाई उठला नाही. मुलीकडच्यांनी मध्यस्थाला छळायचं आणि त्याने ते निमूट सोसायचं, ही रीत त्याच्या रक्तात भिनलेली. कुणी काठीने हाणतं, कुणी उन्हात ताटकळत ठेवतं. हे लोक वरून पाणी सोडतात, एवढंच! वर बघणं अपमानाचं झालं असतं, म्हणून त्याने मान खालीच ठेवली.

"मुलीच्या देजाच्या गाई सगळ्या दुभत्या हव्यात," माव्हुंगा म्हणाला.

"दिल्या, शुंबा!" गारिकाई माव्हुंगाचं कुळनाम घेऊन घाईने म्हणाला.

"मला नवा कोट. हिला घोंगडी."

"दिली. अजून काही असेल तर लवकर सांगा."

घासाघीस न करणारा मध्यस्थ माव्हुंगाने जन्मात पाहिला नव्हता. बोलणी संपली, तेव्हा गारिकाई निथळत उठला आणि आता कुठे त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्याही घरी लग्नाच्या मुली आहेत," तो हळूच म्हणाला. "याचं रोप मिळेल?"

माव्हुंगाने छाती फुगवली. "असं झाड सहजासहजी येत नाही, पाहुणे. जिवापाड जपलंय आम्ही. रोपामागे एक शेळी पडेल."

आम्ही! सारुझाईला हसूही आलं आणि डोळेही भरले. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. ज्याला त्याने भाव लावला, त्याला तो कुऱ्हाड लावणार नव्हता.