पाणबुडीतलं जेवणाचं टेबल

आईने तो पाणबुडीतून खजिना शोधायला जाण्याचा सिनेमा परत लावला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी तासाभरासाठी आले होते, खांद्यावरची पर्ससुद्धा अजून काढली नव्हती.

"अगं, पाठ झालाय तुला! आता काय बघायचं राहिलंय त्यात?"

"गप्प बस जरा. आता ते जेवायला बसतील."

शत्रूचं जहाज पाणबुडीच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं आणि आईची नजर खालच्या अरुंद टेबलावर होती. खलाशी एकमेकांना खेटून बसले होते. एकाला मीठ हवं असलं, तर चौघांना हलावं लागत होतं.

"झोपायलाही जागा नाही बिचाऱ्यांना," आई कौतुकाने म्हणाली. "एक उठला, की दुसरा त्याच्याच उबदार गादीवर आडवा होतो. तुम्ही तिघं भावंडंही एकाच गादीवर लाथा झाडत झोपायचात."

"आणि खजिना?"

"जळला मेला तो खजिना! तो सापडला, की सगळे आपापल्या घरी निघून जातात. एकदा बघितला शेवट, पुरे झालं. आता त्याच्या आधीच बंद करते."

थोड्या वेळाने समुद्राच्या तळाशी सोनं चमकलं. आईने रिमोट उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला, सिनेमा पुन्हा जेवणाच्या टेबलापाशी नेला आणि पर्स खाली ठेवली.

"सरक जरा," मी म्हटलं.

सोफ्यावर जागा भरपूर होती. तरी आई सरकली, माझ्याच बाजूला.