मामंजींची जागा

"मावशी, हा नको. हा कुणालाच नांदू देत नाही," असं म्हणत दुकानदाराने काचेवर बोट टेकवलं. आतल्या माशाने त्या बोटावर अशी झडप घातली, की मध्ये काच असूनही त्याने हात मागे घेतला.

मावशी खुदकन हसल्या. "मग हाच द्या."

त्यांचा मुलगा पलीकडे सोनेरी माशांच्या टाकीपुढे उभा होता. वडील गेल्यापासून आई घरात एकटीच असते, तिला काही विरंगुळा हवा, म्हणून त्यानेच तिला इथे आणलं होतं.

"आई, हे बघ ना, किती गोंडस आहेत!"

"गोंडस जन्मभर हाताळले रे. आता जरा खट असू दे."

मावशींनी प्रसूतिगृहात आयाचं काम करत उमेदीचा काळ काढला होता. गावातल्या निम्म्या लोकांना पहिली आंघोळ त्यांनीच घातली होती, असं त्या चेष्टेने म्हणत. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणायचे, ते नाव निवृत्त झाल्यावरही चिकटून राहिलं.

मासा नारिंगी होता. कपाळावर टेंगूळ, खालचा ओठ पुढे आलेला, शेपटीची कड फाटलेली. छोट्या टाकीतले खडे तोंडात धरून तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकत होता.

"थेट माझे सासरे!" मावशी म्हणाल्या. "सकाळी उठून घरातलं सामान हलवायचे आणि मग 'कुणी हलवलं' म्हणून आम्हालाच ओरडायचे. मामंजीच म्हणायचं याला."

दुकानदार माणूस सरळ होता. गिऱ्हाईक फसेल आणि मासाही मरेल, असा धंदा त्याला नको होता. "मावशी, नीट ऐका. सिक्लिड म्हणतात यांना. त्यात ही जात अगदी भांडकुदळ. आता वीतभर आहे, पुढे हातभर होईल. जोडीला कुणाला सोडलंत तर त्याला मारून टाकेल, म्हणून एकटाच ठेवायचा. आणि आधी लहान टाकी, मग मोठी बघू, असं करू नका. पहिल्यापासून मोठीच घ्या. आडवा माणूस मावेल एवढी. भरल्यावर म्हशीइतकं वजन होतं तिचं, तेव्हा भक्कम भिंतीलगत ठेवा. काही आठवडे मासा न सोडता नुसतं पाणी फिरू द्या, म्हणजे ते त्याला मानवेल. तोवर मामंजी माझ्याकडे राहतील."

घरात भक्कम म्हणावी अशी एकच भिंत होती, आणि तिला लागून मोठा पलंग होता.

"बाबांचा पलंग काढणार तू?" मुलाचा आवाज एकदम चढला. "एका माशासाठी?"

"पलंग मोठा आहे रे. मला एकटीला खाट पुरते."

"प्रश्न तो नाहीये, आई."

तो चहा अर्धा टाकून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की "कामात आहे" म्हणायचा.

मावशींनी मन घट्ट केलं. खालच्या मजल्यावरच्या सुताराच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. पलंग तिला दिला. "पाळणा लवकर हलू दे. मी रिकामीच आहे, आंघोळीला बोलवा," असं सांगून तिला लाजवलंही. सुताराने त्या बदल्यात टाकीसाठी दणकट घडवंची करून दिली. पलंग खोलून नेला तेव्हा मावशी त्या मोकळ्या जागेवर बराच वेळ मांडी घालून बसल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं, एकदाच. मग उठून झाडू हातात घेतला.

टाकी आली. एके सकाळी त्या एकेक बादली पाणी भरून टाकीपाशी आणून ठेवत होत्या, तेवढ्यात दारात मुलगा उभा दिसला. पलंगाच्या भिंतीकडे त्याने पाहिलं, तिथे आता काच होती. त्याचे डोळे भरून आले.

"तुझे बाबा शेवटी शेवटी पलंगावर होते," मावशी हळूच म्हणाल्या. "त्याआधी ते जन्मभर घरभर होते. मला ते घरभरचे आठवायचेत रे."

मुलाने बाह्या वर केल्या आणि आईच्या हातातली बादली घेतली.

"थांब, आधी दगड!" त्या म्हणाल्या. "दगड तळाच्या काचेवर बसवायचे, वाळू नंतर. नाहीतर हा खालून उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर कोसळतात."

"तुला बरं माहीत!"

"दुकानदाराचं डोकं खाऊन आले आहे."

मामंजी आले त्या दिवशी एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला सुरुवात केली. सगळी वाळू डावीकडे नेली, मुलाने हौसेने लावलेलं झुडूप उपटून वर तरंगत सोडलं, आणि काचेपाशी येऊन दोघांकडे रागाने पाहिलं.

"वेडा आहे हा!" मुलगा म्हणाला.

"वेडा कसला! घर लावतोय. नवीन घरात कोण स्वस्थ बसतं?"

मुलगा आता रविवारची वाट पाहीनासा झाला. "पाणी बघायला आलो," म्हणत मधल्या वारीही टपकायचा. एका दुपारी त्याने हट्ट धरला, आज मी भरवणार. जड झाकण थोडं सरकवून त्याने सोललेली कोळंबी चिमटीत धरली.

"बोटं आत घे रे, बोटं!"

उशीर झाला होता. पाणी फुटल्यासारखं उसळलं, कोळंबी गेली आणि बोटही चावलं गेलं. मुलगा मागच्या मागे जमिनीवर बसला, डोक्यापासून भिजलेला. क्षणभर बोटाकडे बघत राहिला आणि मग हसू लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मधेच श्वास ओढत. असं हसताना तो हुबेहूब वडिलांसारखा दिसायचा, हे मावशी विसरूनच गेल्या होत्या.

फरशीवरचं पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं. पुसायला त्यांनी फडकं उचललं, पण वाकल्या नाहीत. त्याचं हसू ओसरेपर्यंत त्या फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.