अकरा शनिवारांचा पहारा

मी कुलूप बोलतोय. लोहाऱ्यातल्या एका कॉलेजात लोखंडी कपाटावर असतो. जरा लांबूनच ऐका. माझा कुणावरच भरवसा नाही.

माझा जन्म अलिगढचा. तिथून पेटीतून आलो आणि इथल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं खिळ्याला लटकलो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला हिसका मारून बघायचं. तेव्हापासून माणसाचा हात जवळ आला की मी सावध होतो.

शेवटी रसायनशास्त्राच्या रणधीर सरांनी मला विकत घेतलं. सर नवे, लई उत्साही. कॉलेजात पूर्वी सहा महिन्यांतून एकदा चाचणी व्हायची. सरांनी वर्गात सांगून टाकलं, "आता दर शनिवारी चाचणी!"

पोरं ओरडली, "सर, मग आमी अभ्यास कवा करायचा?"

"करावा म्हणूनच तर!" सर म्हणाले.

प्रश्नपत्रिका आणि मुलांनी लिहिलेले पेपर कपाटात, वर मी. एक किल्ली सरांच्या खिशात, दुसरी शिपाई सोमलिंगमामांकडं. पोरांची जात मला ठाऊक आहे. परीक्षा म्हटलं की त्यांचं डोकं पुस्तकात कमी आणि भलतीकडंच जास्त. मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

आणि माझा संशय खरा ठरणार असं दिसायला लागलं. श्रावस्ती नावाची एक मुलगी दर सोमवारी कपाटापाशी घुटमळायची. माकणीहून जीपनं यायची, तासाच्या बऱ्याच आधी. मला बघायची, दाराकडं बघायची, निघून जायची. म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. एकदा तर तिनं मला हातात धरून बघितलं. मी दात घट्ट आवळून धरले.

असे अकरा शनिवार गेले. विद्यापीठाची परीक्षा आठ दिवसांवर आली. त्या सोमवारी तिनं सोमलिंगमामांनाच गाठलं.

"मामा, कपाट उघडता का जरा?"

"येडी का खुळी तू? पेपर फुटला तर माजी नोकरी जाईल!"

बघा! सापडली की नाही?

"पुढचा पेपर न्हाय बघायचा, मामा. माझेच जुने बघायचेत. मागं ह्याच विषयात नापास झाले. आता राहिले तर वर्ष जातंय. काय चुकतंय तेच कळंना. सरांना तीनदा विचारलं, तपासून झाले की देतो म्हणतात."

मामांचा हात खिशातल्या किल्लीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग ते सरळ सरांनाच बोलावून घेऊन आले.

सरांनी मला उघडलं. आत सुतळीनं बांधलेले अकरा गठ्ठे होते. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती.

"पुढची चाचणी काढण्यातच आठवडा जातो गं," सर पुटपुटले. चेहरा पार उतरला होता. तिथंच स्टुलावर बसून त्यांनी तिचे पेपर तपासले. द्रावणाच्या प्रत्येक गणितात एकच चूक. मिलिलिटरचं लिटर न करताच ती पुढं जायची. पहिल्या शनिवारची चूक अकराव्या शनिवारीही तशीच होती.

"एवढंच होतं?" श्रावस्ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "सर, चाचणी रोज घ्या, मी रोज देईन. पण आमी लिहिलेलं वाचत तरी जावा."

सरांनी बाकीच्या पोरांचे पेपरही तपासायला काखेत मारले. मला लाज वाटली.

परीक्षा झाली. तिचा निकाल अजून लागायचाय. सर आता दर सोमवारी गठ्ठे बाहेर काढतात, पोरांना चुका दाखवतात. तरी माझी खोड गेलेली नाही. फक्त आता मी कपाटाशी घुटमळणाऱ्या पोरांकडं बघत नाही, किल्लीवाल्या खिशाकडं बघतो.

मास्तरांनो, चाचण्या किती घ्यायच्या ते तुम्ही ठरवा. मात्र जेवढ्या वेळा मला लावाल, तेवढ्या वेळा उघडा. चोर मी आत येऊ दिला नाही, हे खरं. पण त्या पोरीचे अकरा शनिवार आतच गेले, आणि दारावर मीच होतो.