उघडं छप्पर

वर

शिट्ट्या वाजल्या तेव्हा सिल्वेरियो बोझेनाबाईंच्या छपराची कुजकी फळी उपटत होता. आधी कोपऱ्यावरच्या पाववाल्याची शिट्टी, मग शाळेपाशी, मग सगळी गल्लीच. त्या हिवाळ्याच्या तोंडाला शिकागोत ज्याच्या-त्याच्या गळ्यात शिट्टी होती. ती वाजली की समजायचं, केंद्र सरकारची तोंड झाकलेली माणसं परदेशातून आलेल्यांच्या धरपकडीला आली.

"कोंपादरे, शिडी वर घे!" खालून चेमा ओरडला. चेमा म्हणजे त्याच्या पोरीचा धर्मबाप.

सिल्वेरियोने शिडी खेचली. चेमाला चढायला वेळच नव्हता, हे त्याला शिडी पुरती हातात आल्यावर उमगलं, आणि तोवर चेमा

खाली

गाडीत कोंबला गेला होता. तोंड झाकलेल्यांपैकी उरलेले दोघे फुटपाथवर उभे राहिले.

"उतर रे बाबा! गाडीत हीटर आहे."

"तुम्हीच बसा शेकत!" सिल्वेरियो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. त्याच्याकडे या देशात राहायचे कागद नव्हते. आज उतरला तर पोरीचं तोंड पुन्हा कधी दिसेल, याचा भरवसा नव्हता.

शहर पोलिसांची गाडी आली. यारित्झा उतरली, पोर्तो रिकोची. ती त्याच्याच भाषेत, स्पॅनिशमध्ये वर ओरडली, "दादा, यांना मदत करायची मला राज्याच्या कायद्याने बंदी आहे."

"मग हाकल त्यांना!"

"रस्ता सगळ्यांचा. हाकलायचीही बंदी."

"मग आलीस कशाला? शोभेला?"

"कुणी पडू नये म्हणून." तिने टोपी सारखी केली. "बंबवाल्यांना बोलावू? त्यांची शिडी मोठी असते."

"आणि ते मला ठेवतील कुठे?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. बंबाची शिडी टेकणार ती रस्त्यावरच. उत्तर आलं ते

आत

माळ्यावरून. छपराच्या भोकातून बोझेनाबाईंचा पांढरा अंबाडा वर आला.

"ऐकतोयस का? घर माझं आहे. न्यायाधीशाच्या सहीशिवाय इथे कुणी पाऊल टाकणार नाही. ये असाच आत."

"बाई, तुम्हाला त्रास..."

"त्रास तू आल्यापासून सुरूच आहे. सकाळपासून माझ्या डोक्यावर ठोकतोयस. ये. पण बूट पुसून."

तो हसला. हत्यारं गोळा करून येतो म्हणाला. बाई खाली कॉफी ठेवायला गेल्या, आणि

वर

गारा मिसळलेल्या पावसाचा पहिला सडा त्याच्या मानेवर पडला. हात चालू लागले. उघड्या घरात पाणी शिरताना दिसलं की छप्परवाल्याचे हात डोक्याला विचारत नाहीत. नवी फळी भोकावर. खिळा. खिळा. चारी कोपरे. कडा हाताने चाचपल्या. एक थेंब आत जाणार नाही.

तो समाधानाने मागे सरकला.

मग खालून फळीवर बाईंच्या धपाधप बुक्क्या. "अरे मूर्खा! स्वतःलाच बाहेर ठोकलंस?"

फुटपाथवरचे दोघे पोट धरून हसले. यारित्झाने तोंड फिरवलं.

सिल्वेरियोने हातोडी उलटी धरली. इतकं घट्ट कधी कुणी ठोकतं का? त्याने ठोकलं होतं. बोटं बधिर, खिळे निघेनात. शेवटचा उपटताना फळी उभी चिरली, हातोडी निसटून घरंगळत पन्हळीत गेली. तो फटीतून आत घुसला आणि फळीचे दोन्ही तुकडे डोक्यावर ओढून घेतले.

आत, म्हणजे

माळ्यावर, तुळईवर पाय, हात वर. वारा फळी उचलू पाहत होता. सोडली तर सगळा पाऊस बाईंच्या पलंगावर.

दाराची घंटा वाजली. बाई खाली गेल्या. आवाज चढले, दार आपटलं. त्या जिना चढून आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, हातात कॉफीचा कप.

"सही दाखवा म्हटलं. नव्हती. म्हणे, थांबतो."

"आणि ती पोलीस?"

"तीही थांबलीय. कशासाठी ते तिलाही ठाऊक नाही." त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "हे किती वेळ धरणार?"

"खिळे मारायचे तर बाहेरूनच मारावे लागतात, बाई."

बाईंनी कप त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला. फळीच्या चिरेतून पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं, आणि खाली रस्त्यावर त्या दोघांच्या गाडीचं इंजिन चालूच होतं.