प्लास्टिकमध्ये अडकलेली नदी

मित्रांनो, मी एक जुना, हाताने काढलेला नकाशा आहे. सिंगापुरात, बिशान भागातल्या एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारावर माझा मुक्काम असतो. पण मी आहे म्यानमारमधल्या एका आडबाजूच्या तालुक्याचा.

तिथलीच खिन मे नावाची बाई या घरात कामाला आहे. तिच्या वडिलांनी, गावच्या मास्तरांनी, मला काढले. मधोमध नदी, काठाने एकवीस गावे, भुईमुगाची शेते, बैलगाडीची वाट. गावे मात्र पेन्सिलीने. कारण आमची नदी भारी लहरी! पावसाळ्यात काठ खाते, मग अख्खे गाव उठते आणि जुनेच नाव घेऊन दुसरीकडे वसते. मास्तर जुने गाव खोडून नवे मांडत. खोडरबराच्या त्या खुणांचा मला केवढा अभिमान होता!

मास्तर गेले. घडी घालून खिन मेने मला इकडे आणले. रविवारी आईचा फोन आला, की खिन मे पेन्सिल घेऊन बसे आणि हललेली गावे नव्या जागी मांडे. पुढे माझ्या घड्या फाटू लागल्या.

घरच्या अरुणाताई फार मायाळू. त्यांना एकच खोड, कागद दिसला की लॅमिनेट करायचा. स्वतःच्या पुण्यातल्या मार्कशीटपासून लेक चैत्रालीच्या पोहण्याच्या सर्टिफिकेटपर्यंत काही सुटले नाही. खिन मेच्या वाढदिवसाला त्यांनी मलाही गुपचूप मशीनमध्ये घातले. अंग भाजले, श्वास कोंडला.

"बघ चैत्राली, कसा नवाकोरा झाला! खिन मे, नाऊ इट विल नेव्हर स्पॉइल."

"थँक यू, मॅम," खिन मे म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

जुलैत फोन आला. नदीने आईचेच गाव नेले होते. आई सुखरूप होती, पलीकडच्या टेकडीपाशी नवे घर बांधत होती. खिन मेने पेन्सिल टेकवली. ती नुसती घसरत राहिली.

"आंटी, यूज माय मार्कर लाह!" चैत्राली सिंगापुरी ढंगात म्हणाली.

टेकडीपाशी निळा ठिपका उमटला. खिन मे किती दिवसांनी हसली! संध्याकाळी अरुणाताईंनी फ्रिज पुसला, आणि डाग समजून तो ठिपकाही पुसला. मी आतून ओरडत होतो. कोणाला ऐकू जाणार?

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायला घ्याल, तेव्हा आधी त्याला विचारा. तिच्यावर अजून काही लिहायचे राहिले असेल. माझ्यावर आता सुरकुती पडत नाही, कसर लागत नाही. आणि जिथे आज नुसते पाणी आहे, तिथेच माझ्यावर खिन मेची आई अजून राहते.